कंट्रोलची काच

आमच्या लॅबमध्ये रक्तपेशी रंगवायचा रंग रोज तपासावा लागतो. रुग्णांच्या काचांबरोबर एका धडधाकट माणसाच्या रक्ताची काचही रंगवायची. तिच्यावर सगळं नीट दिसलं तर रंग चांगला. या काचेला आम्ही कंट्रोल म्हणतो. गेले काही महिने कंट्रोलला माझंच रक्त असायचं.

"दोन घास जास्त खाणारी लेकुरवाळी आहे, हिच्या रक्तात खोट निघायची नाही," आमचे सीनियर म्हणायचे. केस लवकर पिकल्यामुळे सगळे त्यांना आजोबा म्हणत, आणि तेही ओ देत.

त्याच ट्रेमध्ये माझ्या धाकट्या बहिणीची काच असे.

तिला ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. त्यात पेशी मोठ्या व्हायचं नाव घेत नाहीत. धाकटीच्या काही पेशी मोठ्या होत होत्या, पण भलत्याच वाटेने. कुणी बेसोफिल होऊ बघत होती, कुणी मास्ट पेशी. दोन्हींच्या पोटात जांभळ्या दाण्यांची रास. हे दाणे सांडले की अंग खाजतं, चेहरा लाल होतो, घसा सुजतो. वॉर्डात धाकटी नखाने स्वतःच्या हातावर रेघ ओढायची. बघता बघता ती फुगून वर यायची.

"ताई, माझी पाटी झालीय बघ. चिमीला गिरवायला पाठव."

चिमी माझी लेक. तिची मूठ अजून धड उघडत नव्हती.

एका सकाळी कंट्रोलवर दाणेदार पेशी दिसली. बेसोफिल निरोगी रक्तातही एखादी सापडते. ही तशी नव्हती. केंद्रक कोवळं, कडेला एक रिकामा बुडबुडा. धाकटीच्या पेशी मी आता चेहऱ्याने ओळखत होते.

काचांची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्या दिवशी रक्त लावण्याआधीच मी काचेवर खूण कोरली. खुणेच्या काचेवर तशा पेशी होत्याच, आदल्या दिवसापेक्षा जास्त. धाकटीच्या काचेवर त्या कमी झाल्या होत्या.

माझं रक्त मी बाहेरच्या लॅबमध्ये तपासून घेतलं. साफ. काच एकटी रंगवली तरी साफ. पेशी यायच्या त्या फक्त ट्रेमध्ये, तिच्या काचेशेजारी.

आजोबांनी काच पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"उद्यापासून माझं रक्त घे."

"का?"

"पोर अंगावर पितेय तुझी."

आजोबांची काच स्वच्छ निघाली. धाकटीची पुन्हा भरली. त्याच दुपारी तिचा घसा सुजला. वॉर्डात धावपळ झाली, नळ्या लागल्या, आणि संध्याकाळी ती कशीबशी डोळे उघडून म्हणाली, "घाबरलीस होय? अगं, चिमीने मला मावशी म्हटल्याशिवाय मी हलत नाही."

पुढच्या सकाळी आजोबा यायच्या आत मी माझं बोट टोचलं. त्यांनी ट्रे पाहिला. पाठ फिरवून रंग गाळत बसले.

धाकटी बरी झाली. औषध लागू पडलं, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पडलंही असेल.

काल ती घरी आली. केस बोटभर वाढलेत. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली, बाही वर केली आणि नखाने हातावर घर काढलं.

"बघ ताई, काही उठत नाही!"

खरंच कातडी कोरी होती.

"फुटली एकदाची पाटी," ती हसली. मग घरापुढे झाड काढू लागली.

चिमी माझ्या मांडीवर पीत होती. ती थांबली.

माझ्या हातावर लाल घर उठलं होतं, दारासकट.

मी बाही खाली ओढणार, तोच चिमीने दारापुढे बोट ठेवलं. खोड उठलं, फांदी फुटली. तिचं इवलं बोट रेघेबरोबर सावकाश निघालं.

रेघेच्या जरा पुढेच चालत होतं ते.