नजरेची उंची

माझ्या रिकाम्या खुर्चीत एक माणूस बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, खुर्ची म्हटली की कुणीतरी बसणारच. पण ही खुर्ची रिकामी राहण्यासाठीच आणलेली होती. नाट्यशास्त्राच्या ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाचा माझा एकपात्री प्रयोग मी तिच्याशीच बोलून करणार होते. आणि हा गृहस्थ तिच्यात ऐसपैस घसरून, मांडीवर पाना ठेवून छताकडे बघत होता. बाहेर पाऊस लागला होता आणि त्याच्या शर्टाचे खांदे ओले होते.

"उठता का जरा?" मी म्हणाले.

"कुणी येणारेत?"

"नाही. कुणीच येणार नाहीये. म्हणूनच उठा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. अदबीने उठला आणि खुर्चीलाच म्हणाला, "माफ करा हं, मला कल्पना नव्हती."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. तालीमघराचे दिवे सांभाळायला तो या सहामाहीपुरता आला होता. त्याचं नाव मला नंतर कळलं, पण तोवर माझ्या तोंडात 'दिवेवाला' बसलं होतं, आणि त्याने मला 'खुर्चीवाल्या बाई' करून टाकलं होतं.

आमच्या वर्गात बाकी सगळ्यांनी जोडीने किंवा गटाने प्रयोग घेतले होते. मी एकटीने घेतला. सगळ्यांना सांगितलं की मला एकपात्रीच करायचं होतं. खरं म्हणजे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपण होऊन कुणाकडे गेले नव्हते. तालीम संपली की ते हसत-खिदळत एका छत्रीत तिघं असे जायचे. मी भाड्याच्या खोलीवर येऊन एक ताट धुवायची. आठवड्यातून एकदा बाबांचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"हो."

"बरं."

झालं. आम्हा बापलेकीचं बोलणं आटपलं.

माझा प्रयोगही आमच्या घराचाच होता. एक मुलगी जेवणाचं टेबल मांडते आणि आईच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते. आई गेली तेव्हा मी नुकतीच शाळेत जायला लागले होते. लेखी प्रबंध जवळजवळ होत आला होता. पण मार्गदर्शक मॅडम काही केल्या त्यावर सही करेनात. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होणार नव्हता, आणि तो झाला नाही तर वर्ष फुकट.

"शब्द चोख आहेत," मॅडम चष्मा कपाळावर सरकवत म्हणाल्या, "पण तू कुणाशीच बोलत नाहीयेस गं. त्या खुर्चीत मला माणूस दिसत नाही. तो दिसला की मी सही करते."

मी रडकुंडीला आले. तालीमघरात जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वर शिडीवर दिवेवाला दिवा फिरवत होता.

"खुर्चीवाल्या बाई, या दिव्याचा अंदाज घ्यायला खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. तुमची हरकत नसेल तर..."

"बसा. पण बोलायचं नाही."

"खुर्ची कुठे बोलते?"

तो बसला. मी टेबल मांडलं, माझी वाक्यं म्हटली. तो खरंच गप्प होता. फक्त मध्येच त्याने मागे वळून पाहिलं, मग वर पाहिलं.

"काय झालं?"

"बोलू?"

"बोला एकदाचं."

"तुम्ही माझ्या डोक्यावरून बघताय. मला वाटलं, मागे कुणी उभं आहे की काय..." तो चाचरला. "तुमच्या आई खूप उंच होत्या का?"

आई उंच होती? माझ्या आठवणीत तर ती कायम वरच होती. जेवताना मान वर केली की तिचा चेहरा दिसायचा... मी बॅग उचलली आणि तडक बाहेर आले. जिन्यात उभी राहून बाबांना फोन लावला. फोनचा वार नव्हता, त्यामुळे ते घाबरले.

"काय गं? बरी आहेस ना?"

"बाबा, आई जेवायला बसली की तिचे डोळे कुठे यायचे?"

असला प्रश्न ऐकून कुणीही गोंधळलं असतं. पण बाबा रोज कुणीतरी विचारत असल्यासारखे म्हणाले, "माझ्या हनुवटीशी. आता तुझे येतात, तिथेच."

मी जिन्यातच बसकण मारली आणि पोटभर रडून घेतलं. इतकी वर्षं मी आईकडे त्या चिमुरड्या मुलीच्याच मानेने बघत होते. मी तिच्याएवढी झालेय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवेवाला जिन्याच्या वरच्या टोकाशी येऊन उभा राहिला. खाली येऊन पाण्याची बाटली त्याने माझ्या शेजारी ठेवली आणि स्वतः बऱ्यापैकी लांब बसला.

"चुकलो असेन तर..."

"तुम्ही उद्याही बसाल?" मी नाक पुसत विचारलं.

"खुर्चीने परवानगी दिली तर."

मग तो रोज बसायला लागला. मी मान वर करून सुरुवात करायची आणि बोलता बोलता नजर हळूहळू खाली, समोर आणायची. समोर आईला आणायचं होतं. पण आई यायच्या आधी त्याचेच डोळे यायचे, आणि तालमीत कधी न चुकलेली माझी वाक्यं चुकायला लागली.

"इथे 'मीठ हवंय का' असं आहे," तो शांतपणे म्हणायचा. "तुम्ही 'चहा' म्हणालात."

"मग... हवाय का?"

"कुणाला, आईंना की मला?"

"बसा गप्प!"

चहाला आम्ही जायचोच. तुम्हीचं तू झालं. आणि मॅडमनी एका दुपारी तालीम पाहून माझ्या प्रबंधावर सही ठोकली.

त्याच दुपारी तो म्हणाला, "मला एका फिरत्या नाटक कंपनीत काम मिळालंय. तुझी परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं."

"अरे वा," मी म्हणाले. "छानच."

खोलीवर येऊन ताट धुतलं. त्यात जेवलेच नव्हते, तरी धुतलं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. पहिल्या रांगेत ते आणि मॅडम, मागे सगळं रिकामं. दिवेवाला वर काचेच्या केबिनमध्ये. काचेत अंधार होता, तो दिसत नव्हता. मी टेबल मांडलं, मान वर केली, बोलू लागले. नजर खाली आली. आई भेटली... खरंच भेटली. मी तिला सांगितलं की बाबा बरे आहेत. आणि शेवटच्या वाक्याला, "आता तू उठू नकोस, मी वाढते" म्हणताना, समोर ती नव्हती.

दिवे लागले. परीक्षकांनी पेन टेकवलं.

"एकच प्रश्न. तुमची नजर समोर आल्यावर चेहरा दोनदा बदलला. दुसऱ्यांदा त्या खुर्चीत कोण होतं? आईच?"

मॅडमनी माझ्याकडे रोखून पाहिलं. 'हो' म्हटलं की सुटले असते. प्रबंधात तसंच लिहिलं होतं. पण आयुष्यभर मी 'हो' आणि 'बरं' यांवरच भागवलं होतं, आणि वरचा तो माणूस सकाळी जाणार होता.

"नाही," मी म्हणाले. "आधी आई होती. मग ज्याने मला सांगितलं की मी सगळ्यांच्या डोक्यावरून बघते, तो होता. मला तो आवडतो. त्याला अजून हे सांगितलेलं नाही."

परीक्षक मॅडमकडे वळले. मॅडम म्हणाल्या, "प्रबंधात हे नाहीये, मी आधीच सांगते."

तेवढ्यात खुर्चीवरचा दिवा, कुणीही न मागता, हळूहळू उजळत गेला. मग लोखंडी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. तो धापा टाकत आला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"ही खुर्ची... कुणी येणारेत?"

"आलंय," मी म्हणाले. "बस."

परीक्षकांनी घसा खाकरला आणि मार्क मांडायला मान खाली घातली.

संध्याकाळी माझ्या खोलीत आम्ही एकाच ताटात जेवत होतो, कारण दुसरं ताट नव्हतंच. त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. सकाळची गाडी काही चुकणार नव्हती, आणि त्या बॅगेकडे बघायचं दोघंही टाळत होतो. फोन वाजला.

"जेवलीस?"

"जेवतेय बाबा. दोघं आहोत."

आता 'बरं' येणार, म्हणून मी वाट पाहत राहिले.

"उंच आहे का?" बाबांनी विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. हातात घास तसाच धरून तो माझ्याकडेच बघत होता.

"उभा राहिला की आहे," मी म्हणाले. "पण घसरून बसतो, बाबा. नजरेला नजर येते."