परवा म्हणजे परवा

ऊतक-मुद्रकाचा, म्हणजे पेशींपासून अवयव छापणाऱ्या यंत्राचा, दिवा हिरवा झाला आणि डॉ. हेमांगी बोरवणकरांच्या जिवात जीव आला. आता फक्त कळ दाबायची. आतल्या तबकडीत त्यांच्या थोरल्या भावाच्या, दिगंबररावांच्या, स्वतःच्याच पेशी वाढवून ठेवल्या होत्या. त्यातून मुद्रक हृदयाची जिवंत झडप छापणार आणि ती आजच्या आज बसवायची, कारण छापलेली झडप शिळी चालत नाही. पेशींचा साठाही एवढाच. ही झडप वाया गेली, तर नव्या पेशी वाढेपर्यंत दादा तग धरेल असं म्हणायला सोलापूरच्या त्या हृदयोपचार केंद्रात कुणीही तयार नव्हतं.

"मॅडम, जरा थांबा," माहितीविभागाचे उपेंद्र शेवडे म्हणाले. "दुसऱ्या संपादकातूनही ही नोंद काढून बघू."

संपादक म्हणजे वर्तमानपत्रातला चष्मेवाला नव्हे बरं का! मुद्रकाला माणूस कळत नाही, त्याला कळते फक्त रुग्णाची नोंद. ती नोंद एक्सएमएल नावाच्या खूणभाषेत असते आणि ती सूत्राला धरून आहे की नाही हे पाहणारं साधन म्हणजे संपादक. केंद्रात आज त्याचीच निवड व्हायची होती. एक होता 'सर्वज्ञ'. तो चाचणीपुरता फुकट मिळालेला, पण विकत घ्यायचा तर केंद्राचं दिवाळं निघावं. दुसरी होती 'पाटी'. स्वस्त, रूपाने यथातथा, चिपळूणच्या कुणा हळदणकरांनी एकहाती बनवलेली. परवडणारी होती ती पाटीच, आणि त्याचंच हेमांगीबाईंना मनातून वाईट वाटत होतं.

"सर्वज्ञने हिरवा दिवा दिलाय ना? मग ही नसती उठाठेव कशाला?"

"निवड आजच करायचीय आणि पारखायला खरी नोंद हाताशी आहे म्हणून." शेवड्यांनी नोंद पाटीत टाकली.

पडदा लालभडक झाला. खाली एकच ओळ उमटली: 'इथे दिनांक हवा. "परवा" हा दिनांक नाही.'

"घ्या! स्वस्त ते स्वस्तच!" हेमांगीबाई उसळल्या. "हिला साधं परवा कळत नाही?"

"कळत नाहीच. रचनासूत्र म्हणजे कुठल्या खान्यात काय बसेल याचा कायदा. दिनांकाच्या खान्यात दिनांकच बसणार. पाटी तेवढंच बघते आणि अडते."

"आणि सर्वज्ञ कसा नाही अडला?"

"त्याच्यात अंदाजबुद्धी आहे. रिकामं, वेडंवाकडं काही दिसलं की सर्वात संभवनीय उत्तर घालून मोकळा होतो. त्याने परवाच्या जागी तारीख घातली आणि नोंद वैध झाली." शेवडे घुटमळले. "पण मॅडम, वैध म्हणजे खरं नव्हे. खान्यात बसणारी थापही वैधच असते."

खाना होता रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा. शेवटची गोळी कधी, असं ध्वनिलेखकाने, म्हणजे रुग्णाचं बोलणं नोंदीत उतरवणाऱ्या यंत्राने, विचारलं होतं आणि दादाने एका शब्दात उत्तर दिलं होतं: परवा. सर्वज्ञने गेल्या परवाची तारीख घातली होती. बरोबरच आहे, माणूस शस्त्रक्रियेला आलाय म्हणजे गोळ्या थांबल्याच असणार! लाल रंग एकदाचा जावा म्हणून हेमांगीबाईही तीच तारीख लिहायला बसल्या. पण बोट कळीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्या दादाला ओळखत होत्या. पुढच्या परवालाही तो परवाच म्हणायचा. अख्खा महाराष्ट्रच म्हणतो की!

त्या धावतच खाटेपाशी गेल्या. "दादा, शेवटची गोळी कधीची?"

"सांगितलं की त्या यंत्राला. परवा!"

"अरे, पण कुठला परवा?"

"परवा म्हणजे परवा! पाकीट परवा संपतंय. आजची घेतली की सकाळी, चहाबरोबर." दादा वैतागला. "मला सांगितलं होतं, गोळ्या संपल्या की ये. तूच म्हणालीस ना, खाट रिकामी झालीय, आत्ताच ये?"

म्हणजे गोळ्या अजून चालूच होत्या! या नव्या गोळीचा अंश रक्ततपासणीत दिसत नाही, हे हेमांगीबाईंना पक्कं ठाऊक होतं. आज छाती उघडली असती तर रक्त थांबलंच नसतं. त्यांनी दादाचा हात धरला आणि भर दिवसा, परिचारिकांच्या देखत, हमसून हमसून रडल्या.

"अगं हेमे, मी आहे अजून!" दादा घाबरून म्हणाला.

तो आहे, म्हणूनच तर त्या रडत होत्या.

पेशी तबकडीतच राहिल्या. गोळ्या बंद झाल्या, त्यांचा अंमल उतरला आणि मगच मुद्रकाची कळ दाबली गेली. झडप बसली. शुद्धीवर आल्यावर दादाने आधी शेंगाचटणी मागितली आणि शिव्या खाल्ल्या. केंद्राने पाटी विकत घेतली, हे सांगायला नकोच.

पाटी विकत घेतली त्याच दुपारी हेमांगीबाईंनी चिपळूणला फोन लावला. सगळी हकिकत सांगितली. "हळदणकर, तुमचे उपकार कसे फेडू? माझा भाऊ तुमच्यामुळे आहे."

हळदणकर म्हणाले, "बाई, आजवर फोन आले ते तक्रारीचेच. आभाराचा हा पहिला."

"अंदाजबुद्धी घातली नाहीत, केवढी दूरदृष्टी तुमची!"

"दूरदृष्टी कसली हो! जमली नव्हती मला. लोक नावं ठेवायचे, पाटीला अक्कल नाही म्हणून. पण आता जमली. तुमच्याकडेही आपोआप उतरते. अगदी सर्वज्ञसारखी, दिनांकबिनांक स्वतःच भरते. आणि तुम्हाला एक पैसा जास्त नाही!"

हेमांगीबाईंनी मान वर केली. समोरच्या पडद्यावर आजच्या रुग्णांच्या नोंदी एकामागून एक हिरव्या होत होत्या.

"हळदणकर, ही नवी आवृत्ती कधीची?"

"परवा!" हळदणकर आनंदाने म्हणाले.

हेमांगीबाईंनी हात उंचावून शेवड्यांना मुद्रक बंद करायची खूण केली. मग फोन दोन्ही हातांत घट्ट धरून, जितकं शांतपणे विचारता येईल तितकं शांतपणे त्यांनी विचारलं,

"कुठला परवा, हळदणकर?"

"म्हणजे काय? परवा म्हणजे... येणारा हो!"

"देव पावला," हेमांगीबाई म्हणाल्या. "आता हात जोडून सांगते, ती अंदाजबुद्धी घालू नका. अडू दे तिला. तुमची पाटी अडते, म्हणून आम्ही विचारतो."