वाटाड्या

'पायलट' म्हटले की तुम्हा पोरांना विमान आठवते. मूळ शब्द बंदरावरचा आहे. अनोळखी खाडीत मोठ्या जहाजाला वाट दाखवणारा माणूस, तो पायलट. आपली घरे तापवणाऱ्या जुन्या बॉयलरमध्ये करंगळीएवढी निळी ज्योत तेवत असते, तिलाही हेच नाव पडले, कारण मोठ्या आगीला वाट तीच दाखवते. तिला नुसता दिवा म्हणू नका. दिवा आपल्या जागी जळतो. वाटाड्या दुसऱ्याला पुढे नेतो. कुठे नेतो, हा प्रश्न निराळा.

वॉल्टर हेलिवेल माझा जुना मित्र. माझ्यासारखीच गॅसची कामे करी. थापा मारायला लागणारी कल्पनाशक्ती त्याच्याजवळ नव्हती. ही गोष्ट त्याच्यावर गुदरलेली आहे.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, हिवाळ्यासाठी सगळी घड्याळे तासभर मागे घ्यायची रात्र. मोसमातले पहिले हिम पडले होते. गिरणीच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातून लिनेटचा फोन आला. उन्हाळ्यात राहायला आलेले जोडपे. नवरा रात्रपाळीला, आणि घरात दिवस भरण्याआधीच जन्मलेले बाळ, नुकतेच इस्पितळातून आणलेले. त्याला गारठा लागता कामा नये, असे परिचारिकेने बजावले होते. आणि बॉयलर पेटत नव्हता.

"घड्याळं मागे घेण्याचाच घोळ असणार," लिनेट दारातच म्हणाली.

"अगं पोरी, घड्याळं अजून कुणी मागे घेतलीत कुठे? चहा टाक. दोष कुणाला द्यायचा ते मग ठरवू."

बॉयलर पुढच्या खोलीतल्या जुन्या शेकोटीच्या पोटात बसवलेला होता. धूर त्याच धुराड्यातून वर जाई. वॉल्टर गुडघ्यांवर बसला. बटण दाबून त्याने वाटाड्या लावला. काचेच्या इवल्या झरोक्यात निळी ज्योत उभी राहिली. त्याने बोट काढले, आणि ती विझली.

"थर्मोकपल गेला," तो म्हणाला. ज्योतीची ऊब ओळखून गॅस चालू ठेवणारी ती कांडी. आमच्या धंद्यात प्रत्येक जण आधी तिच्यावरच खापर फोडतो. वॉल्टरने नवी बसवली. पुन्हा ज्योत लावली. या वेळी ती सरळ उभी राहिली, स्थिर.

"घे! आता बाळाला शेकून..."

ज्योत वाकली. आडवी झाली. कुणी फुंकर मारावी तशी.

विझली.

"तुम्ही खोकलात का हो?" लिनेटने विचारले.

"नाही. का?"

"मला वाटलं... म्हातारं माणूस खोकतं तसं..."

बाळ झोपले होते. खोलीत तिसरे कोणी नव्हते.

"वॉल्टर, लावा ना ते. याचे हात बघा. बर्फ झालेत."

त्याने ठरवले, ज्योत क्षणभर जरी तगली तरी तेवढ्यात मोठी आग पेटवून टाकायची. एकदा ती भडकली की फुंकरीचे काय चालणार? त्याने ज्योत लावली. एक हात मोठ्या आगीच्या चावीवर ठेवला. चावी फिरवणार...

फू.

या वेळी त्याने ऐकले.

वारा कुठून शिरतो ते पाहायला हवे होते. पेटीतून त्याने धुराची काडी काढली, पेटवली, धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर वर जायला हवा.

गेला नाही.

वाऱ्याचा मागमूस नव्हता. धूर तिथेच थबकला. मग हळूहळू खोलीकडे वळला... बाळाकडे.

"त्याला उचल."

"काय झालं?"

"कोट राहू दे. आधी बाहेर हो!"

रात्र त्यांनी शेजारच्या हिल्डाकडे काढली. सकाळी धुराड्यातून पोती भरून काटक्या आणि लोकर निघाली. कावळ्यांनी घरटी करून ते पार बुजवले होते. मोठी आग पेटली असती, तर तिचा विषारी वायू खोलीत साठला असता. त्याला ना वास असतो, ना रंग.

"आधी इथे राहायचा तो आर्नल्ड त्याच खोलीत गेला," हिल्डा कुंपणाच्या भिंतीपलीकडून म्हणाली. "दोन हिवाळे झाले. तेव्हापासून घर बंदच होतं. खुर्चीत बसल्या बसल्या गेला बिचारा. नव्वदीचा होता, पण गाल कसे गुलाबी! आम्ही म्हटलं, सुखात गेला."

तो गुलाबी रंग त्याच वायूचा, हे वॉल्टरला ठाऊक होते.

गावात आता सांगतात की कुणीतरी वॉल्टरच्या पाठीमागे उभे राहून खांद्यावरून फुंकर मारत होते. हे चूक आहे. त्या रात्री हत्यारे उचलायला तो एकटा खोलीत परतला, तेव्हा त्याची विजेरी झरोक्यावर पडली. थंडगार काचेवर वाफेचा डाग होता, ओठांएवढा. त्याने तो बाहीने पुसला.

पुसला गेला नाही.

पुन्हा पुसला...

वाफ आतल्या बाजूने होती.