शिंका थांबलेली शेड

"संध्याकाळी माझ्या कारखान्याला टाळं लागेल, आणि ते लावायला माझा सख्खा भाऊच पुढे असेल," पावडरवाली म्हणाली.

कोंबड्यांच्या खाद्यात घालायची एक पावडर तिच्या कारखान्यात जिवाणू आंबवून तयार होई. रक्ती हगवणीवर ती रामबाण. आज सकाळी तिच्या थोरल्या भावाच्या डाव्या शेडमधले पक्षी पाय मागे ताणून पडले, पटापट मरू लागले, आणि दादाने थेट तिच्याकडे बोट दाखवलं.

ती हे सांगत होती ते खासगी तपास करणाऱ्या सासूबाईंना. त्यांचा जावई त्यांची गाडी चालवी; डोकं चालवायची वेळ त्याच्यावर सहसा येत नसे.

"विषारी आहे का गं ती पावडर?" सासूबाईंनी वाटेत विचारलं.

"मापात नाही. कोंबडीचं यकृत ती रोजच्या रोज बाहेर काढतं. अंगात साठली तर मात्र पाय जातात."

"म्हणजे माप चुकलं!" जावई म्हणाला.

"जावईबापू, रस्त्याकडे बघा."

शेडच्या दाराशी सरकारी तपासनीस सील घेऊन उभाच होता. शेजारी वहिनी रडकुंडीला आलेली.

"पावडर मीच मापली. पण दोन्ही शेडांना खाद्य एकाच ढिगातलं गेलंय. मग उजवीकडचे पक्षी धडधाकट कसे?"

"धडधाकट कसले, वहिनी?" राखणदार म्हणाला. "शिंकून बेजार झालेत. आठवडाभर दोन्हीकडे तेच रडगाणं."

सासूबाई डाव्या शेडमध्ये बराच वेळ कान देऊन उभ्या राहिल्या. जिवंत पक्षी भुशात लोळागोळा होऊन पडले होते.

"मला तर काहीच ऐकू येत नाही," जावई कुजबुजला.

"मलाही नाही."

त्या दादाकडे वळल्या. तो आधीच तापला होता.

"मुलांची शपथ, खाद्यात मी दुसरं काही चिमूटभरही घातलेलं नाही!"

"खरं आहे तुमचं," सासूबाई म्हणाल्या. "वहिनींचं मापही बरोबर. माप चुकलं असतं तर दोन्ही शेड आडव्या झाल्या असत्या. पण आठवडाभर शिंकणारे पक्षी एकाच शेडमध्ये गप्प झाले. सर्दी आपोआप गेली, तर एकाच शेडमधून कशी जाईल? तिथे औषध दिलं गेलंय. खाद्यातून नाही. मग राहिलं पाणी."

दादाने पाण्याच्या टाकीकडे पाहिलं.

"सर्दीवरची काही औषधं यकृताचं काम अडवतात. रोज बाहेर पडणारी पावडर मग अंगातच साठते. एकेकटं दोन्ही निर्धोक, एकत्र जीवघेणं. माझी खात्री आहे. तपासनीससाहेब, तुम्ही पाणी तपासून घ्या."

"पण हिनेच बजावलं होतं, खाद्यात दुसरं औषध मिसळू नकोस!" दादा कळवळून म्हणाला. "म्हणून तर मी पाण्यातून दिलं."

"पोट एकच असतं ना रे, दादा," पावडरवाली म्हणाली. "मला एकदा विचारायचंस तरी."

"उजवीकडे कधी देणार होतात?" सासूबाईंनी एकदम विचारलं.

"टाकीत... आत्ताच घातलंय."

पावडरवाली धावत सुटली. उजव्या शेडची तोटी गंजून घट्ट झाली होती. तिने पदर गुंडाळून, दोन्ही हातांनी जोर लावून ती बंद केली. आत पक्षी शिंकतच होते.

तपासनिसाने सील पिशवीत टाकलं आणि नमुन्याची बाटली बाहेर काढली. दादा टाकीच्या ओट्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"रड नंतर," ती म्हणाली. "आधी पाइप रिकामे कर. त्यांना तहान लागली असेल."