ठोसरांच्या घरातला दुसरा ठिपका

अमरावतीच्या प्रवास-नियोजन प्रयोगशाळेत भिंतभर शहर हलत होतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रतिप्रवासी, घरोघरच्या सवयींवरून यंत्राने घडवलेला माणूस. त्यांच्या फेऱ्यांवरून बस कुठे हवी ते ठरायचं.

"ठोसर सर, या घरात यंत्र दोन माणसं दाखवतं. मोजणीत एकच आहे," रेवती गुल्हाने म्हणाली.

प्रल्हाद ठोसरांनी पत्ता पाहिला. "माझंच घर आहे ते."

त्यांच्या पत्नी कुमुदताईंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"तुम्ही अजून त्यांच्या शिवणवर्गावरूनच घरी जाता?" रेवतीने विचारलं.

"हो. फाटकाशी थोडा थांबतो, मग घरी."

"तेच तर. आपल्या यंत्राचं एकात्म प्रतिमान घरातल्यांच्या फेऱ्या एकमेकांना बांधून पाहतं. तुमचा वळसा दिसला, की ते समजतं, तुम्ही कुणाला तरी आणायला गेलात. मरण त्याला कळत नाही, सवय कळते. अशी घरं शहरभर निघतील, सर."

"आणि मी सरळ घरी गेलो तर?"

"यंत्राला घालून दिलेला नियम तुमचाच आहे. फेरी जुळली नाही तर आधी त्या माणसाचं वाहन बदलून पाहायचं, माणूस अगदी शेवटी वगळायचा."

"खोटा माणूस मोजून बस ठरवायची नाही," ठोसर म्हणाले. "आज सरळ जातो."

संध्याकाळी चौकात स्कूटर सवयीने डावीकडे कलली. त्यांनी ती सरळ धरली. घराचं कुलूप उघडताना कुणाला तरी फसवल्यासारखं वाटलं.

सकाळी रेवतीने कालची संध्याकाळ भिंतीवर लावली. ठोसरांच्या घरात अजून दोनच माणसं होती. शिवणवर्गाच्या फाटकाशी एक ठिपका बराच वेळ उभा राहिला. मग एकटाच बसथांब्याकडे निघाला.

"न्यायला कुणी आलं नाही," रेवती हळूच म्हणाली, "म्हणून बस धरली."

ठोसर बघत राहिले. "बस लागायची तिला. खिडकी नाही मिळाली तर अर्ध्या वाटेत उतरून चालत यायची, आणि वर मलाच बोलायची."

"हाताने काढून टाकू का, सर?"

"नको. सवय सुटली की जाईल."

त्या संध्याकाळी स्कूटर कार्यालयातच राहिली. शिवणवर्गाच्या थांब्यावर ठोसर बसमध्ये चढले. गाडी जवळजवळ रिकामी होती.

"किती, काका?" कंडक्टरने विचारलं.

ठोसरांनी सुटे पैसे पुढे केले.

"एक," ते म्हणाले, आणि खिडकीची जागा रिकामी ठेवून तिच्या शेजारी बसले.