चौथा स्पीकर

स्पीकरचं कॅबिनेट मंगळवारी सकाळी आलं. गिटारवाला लांब्या आणि त्याचा मेहुणा, दोघांनी ते हातगाडीवरून उतरवलं आणि दुकानाच्या दारात टेकवून धापा टाकत उभे राहिले.

"काका, जुन्या नाचघरातून काढलंय," लांब्या म्हणाला. "पाडताहेत ते. दिसायला वाघ आहे, पण आवाज मांजराचा. खालच्या सुरांना दमच नाही."

"दम तुझ्यात नाही," मेहुणा म्हणाला. "अर्ध्याहून जास्त वजन मी उचललंय."

"तू गप रे. काका, याची जरा कुंडली काढा. कुठलं, कधीचं, आत काय आहे. आणि शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, तोवर नीट करून द्या."

मी हो म्हटलं. हाताला काम असलं की बरं पडतं.

एकतीस वर्षं मी स्पीकर आणि अँप दुरुस्त करतोय. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. त्यात दोन टेबलं आहेत. दुसऱ्या टेबलावर माझी बायको बसायची. सोल्डरचं बारीक काम तिचं, कारण माझा हात जड. तिला जाऊन आठ महिने झाले. जाण्याआधी दोन महिने तिचा आवाज गेला होता. डॉक्टरांनी घशात नळ्या घालून पाहिलं, त्यांना काही सापडलं नाही. ओठ हलायचे, आवाज नाही. शेवटी शेवटी ती पाठकोऱ्या कागदांवर लिहून सांगायची.

लोक येतात, दोन शब्द बोलतात, जातात. पण मला जे खातंय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला तिचा आवाज आठवत नाही. तिचे शब्द आठवतात, पण डोक्यात ते माझ्याच आवाजात वाजतात. फोन धुंडाळला. फोटो पुष्कळ आहेत. व्हिडिओ दोनच, दोन्ही तिने काढलेले, आणि दोन्हींत बडबड माझी. मुलगी रोज दुपारी चारला फोन करते. आईचा आवाज तिच्याकडे आहे का, हे तिला विचारायला जीभ रेटत नाही. आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाने हे कोणत्या तोंडाने विचारायचं?

असो. बुधवारी जेवण झाल्यावर कॅबिनेट उघडायला घेतलं.

कंपनीची पट्टी गेलेली होती, तिची दोन भोकं तेवढी उरली होती. कोपऱ्यांतले लाकडाचे जोड हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे, पक्के. मागच्या फळीला सोळा स्क्रू. सोळाही स्क्रूंच्या खाचांत मूळचा काळा रंग भरलेला, कुठेही तडा नाही. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून ही फळी कोणी काढली नव्हती. मी टोकदार सळीने एकेक खाच मोकळी केली आणि फळी उतरवली.

आत चार स्पीकर. त्यांच्या चौकटींवर आणि सगळीकडे घोंगडीसारखी जाड धूळ, तिच्यावर एका बोटाचाही ठसा नाही. प्रत्येक स्पीकरच्या कडेला आकडे ठोकलेले असतात, त्यावरून साल आणि आठवडा कळतो. चारही एकाच आठवड्यातले निघाले. आमच्या लग्नाच्या दहा वर्षं आधीचे. बायको तेव्हा शाळेत असणार.

मग मी वायरी पाहिल्या. तीन स्पीकरांवरचे जोड कारखान्यातले, घाईचे. वायर ताणलेली, सोल्डरचे ओबडधोबड गोळे. खालचा उजवीकडचा, चौथा, वेगळा होता. त्याच्या वायरीला जोडाच्या आधी करंगळीएवढा वळसा ठेवलेला होता.

तो वळसा ठेवायची खोड बायकोची. "पुढच्याला कापायला वायर उरली पाहिजे," ती म्हणायची. आमची त्यावरून कितीतरी भांडणं झाली आहेत, कारण वायर मी आणायचो आणि ती अशी उधळायची. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचा वळसा डावीकडे पडायचा.

हाही डावीकडे होता. त्यावरही तीच जुनी, जाड धूळ.

जगात डावखुरे काय एकटीच बायको होती का, असं मी स्वतःला बजावलं आणि बॅटरी घेतली. आमच्याकडे अशी तपासणी करतात: लहान बॅटरी स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायची. प्लस-मायनस बरोबर असेल तर कागदी पडदा बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. तीन पडदे बाहेर आले. चौथा आत गेला.

लांब्याच्या तक्रारीचं कारण सापडलं होतं. तिघांनी ढकलायचं आणि एकाने ओढायचं, मग खालचा आवाज उरणार कुठून? पाच मिनिटांचं काम. पण बायकोने आयुष्यात एकदाही प्लस-मायनस चुकवलं नव्हतं.

बॅटरी बाजूला ठेवून मी वायरींना काट्याचं मीटर लावलं. काटा शून्यावर थांबायला हवा होता. तो हलला. थांबला. दोनदा हलला, परत थांबला. मी पंखा बंद केला. समोरच्या चावीवाल्याचं मशीनही तेव्हा बंद होतं. काटा हलतच राहिला, मध्ये मध्ये थांबत. कोणी बोलताना श्वास घेतं तसा.

स्पीकर उलट्या बाजूने वापरला तर माइकचं काम करतो. पडद्यावर आवाज आदळला की वायरीत थोडी वीज येते. यात जादू काही नाही. मी वायरी तपासणीच्या छोट्या अँपला जोडल्या आणि हेडफोन कानाला लावला.

आधी खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"अहो, माझा चष्मा कुठे ठेवलात?"

आठ महिने जो आठवत नव्हता, तो आवाज ओळखायला मला एवढासाही वेळ लागला नाही.

मी वळून पाहिलं. दुसऱ्या टेबलापाशी कोणी नव्हतं. हेडफोन काढला, खोली गप्प. परत लावला.

"अगं," मी म्हणालो.

आतली हालचाल थांबली.

"तुम्ही उघडलंत?" ती म्हणाली.

"हो. मीच. तू कुठे..."

"हळू बोला. फळी लावून टाका. सगळे स्क्रू घट्ट करा."

"मला नीट ऐकू येत नाही गं. रजईखालून बोलल्यासारखा येतोय आवाज."

"तेवढाच येऊ दे. त्या वायरीला हात लावू नका. कधीतरी ऐका हो माझं."

तिचा आवाज खरंच फार बारीक होता. आणि तो बारीक का, हे मला दिसत होतं, कारण माझा धंदाच तो. चौथ्यात जे येत होतं ते बाकीचे तीन खाऊन टाकत होते. वायरीचं प्लस-मायनस सरळ केलं की चारही एका बाजूला होतील. तिचा आवाज भरून येईल, पूर्वी मागच्या टेबलावरून यायचा तसा. एकदाच नीट ऐकेन, मग वायर पुन्हा उलटी करून फळी लावून टाकेन, असं मी ठरवलं.

"नका," ती म्हणाली. मी काहीच बोललो नव्हतो.

मी हेडफोन उतरवला आणि सोल्डरची सळई तापवली.

तिचा जोड सुटायला वेळ लागला नाही. पण वायर जुनी, कडक. सुटताना वळशापाशीच तुटली आणि वळसा माझ्या हातात आला. उरलेली टोकं मी सोलली, जागा बदलून जोडली. बॅटरी टेकवली. चारही पडदे बाहेर आले.

हेडफोन लावला.

रस्त्यावरची एक सायकल. चावीवाल्याचं मशीन. माझा श्वास. दुकानातलं सगळं ऐकू येत होतं, अगदी भरून, स्वच्छ.

"अगं," मी म्हणालो. "ए, अगं."

पंधरा मिनिटं मी हाका मारत होतो.

मग पुन्हा सळई. पुन्हा वायर उलटी. तुटका वळसा मध्ये घालून पाहिला, तो सोल्डर धरेना, त्याचा चुरा झाला. नवीन वायर घेतली. तिच्यासारखा वळसा पाडायला गेलो, तो उजवीकडे पडला. जोड पक्का झाला. बॅटरी टेकवली. तीन बाहेर, चौथा आत.

हेडफोन.

खरखर आली. माझा जीव भांड्यात पडला. मग कोणीतरी घसा खाकरला.

पुरुषाचा घसा होता तो. मी ते खाकरणं ओळखलं. त्या दोन व्हिडिओंमध्ये ते आहे.

मी तोंड घट्ट मिटून बसलो होतो.

इतक्यात फोन वाजला. चार वाजले होते. मी हेडफोन टेबलावर ठेवला आणि फोन उचलला.

"हॅलो, बाबा?" मुलगी म्हणाली.

मी बोललो.

"बाबा? हॅलो? आवाज येत नाहीये."

मी उठून दारात गेलो. पुन्हा बोललो. मग ओरडलो. घशाच्या शिरा ताणलेल्या मला जाणवत होत्या. समोर चावीवाला डबा उघडून बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"बाबा, बोला ना काहीतरी. भीती वाटते मला."

मी मागे वळलो. टेबलावरच्या हेडफोनमधून, डासाच्या गुणगुणण्याएवढा, माझा आवाज येत होता. तो हाका मारत होता. अगं, म्हणत होता. ए, अगं. कुठे आहेस? मी आलोय.

मी जवळ जाऊन हेडफोन कानाला लावला.

आतला मी थांबला. त्याच्या हाकेला तिथे कोणीतरी ओ देत असावं. मला काहीच ऐकू आलं नाही.

मग तो अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "नाही. ही ती नव्हे."