ताणकाटा

धावेवरच्या कोठारात धुरपदाबाईने एका पारड्यात पाच किलोचं लोखंडी माप ठेवलं, दुसऱ्यात ज्वारीचं पीठ. तराजू दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तरी तिचा त्याच्यावर विश्वास उरला नव्हता. तीस वर्षं तिने बाजारात पोती वाहिली होती. डोळे फसतात, पाठ फसत नाही; आणि पाठ म्हणत होती, पोती हलकी झालीत.

चक्रवस्ती म्हणजे अवकाशात फिरणारं प्रचंड चाक. माणसं राहत ती त्याच्या कडेला, धावेवर. चाक फिरे म्हणून त्यांना वजन मिळे. मधल्या तुंब्यात वजन नव्हतं. यानं तिथेच लागत. आज तिचा मुलगा भिवाजी तिथूनच पृथ्वीला निघाला होता, चार वर्षांनी आपल्या लेकीला भेटायला.

ट्रंकेच्या तळातून तिने जुना ताणकाटा काढला, स्प्रिंगचा. तेच लोखंडी माप हुकाला लावलं. काटा तीनवर थांबला. तिने मुख्य अभियंता कुरुंदकरांना बोलावून घेतलं.

"मावशी, हा कुठून आणलात? असे सगळे काटे मी जमा केले होते."

"का केले ते सांगा आधी."

कुरुंदकर पोत्यावर बसले. "तराजूत वस्तू हलकी झाली की मापही तेवढंच हलकं होतं. त्याला फरक कळत नाही, स्प्रिंगला कळतो. धावेला तडा गेलाय, मावशी. जितका वेग, तितकं वजन, तितका धावेवर ताण. म्हणून दोन वर्षं मी चाक हळूहळू मंद करत आणलं. लोक घाबरतील म्हणून बोललो नाही. आता तर मंद करायचं इंधनही संपलं."

"आणि भिवाला डॉक्टरांनी तराजूत बसवून पास केलं. दोन वर्षं कमी ओझ्यावर राहिलेली हाडं. उतरताना यान किती दाबतं?"

"चौपट. मी त्याला थांबवायला हवं होतं."

"आग लागल्यावर विहीर खणताय, साहेब."

तेवढ्यात हुकाला तसंच लटकलेलं माप जरा खाली उतरलं. काटा सव्वातीन. मग साडेतीन. पायाखालच्या पत्र्यातून बारीक करकर ऐकू आली.

कुरुंदकर उठून उभे राहिले. "वस्तीतली माणसं कुठे आहेत?"

"तुंब्यात. भिवाला पोहोचवायला. आमच्याकडे माणूस वेशीपर्यंत एकटा जात नाही. चारशेतले तीनशे तरी चढले असतील."

"चढले म्हणूनच. फुगडी खेळताना पोरी जवळ ओढल्या गेल्या की फेर कसा वाढतो? तसंच. माणसं कडेवरून मधे गेली की चाकाचा वेग वाढतो."

धुरपदाबाईने ध्वनिवर्धकाचं बटण दाबलं.

"मंडळी, भिवा आज जात नाही. सगळे खाली या. गडबड नको."

ध्वनिवर्धकातून तुंब्यातल्या भिवाजीचा आवाज आला. "आये, पोरगी तिकडं वाट बघतीया."

"ठाऊक हाय मला. खाली ये."

माणसं शिड्यांवरून उतरू लागली. काटा सव्वातीन झाला, मग तीनवर आला. करकर थांबली. कुरुंदकरांनी कपाळ पुसलं.

"इंधन कधी येणार?" तिने विचारलं.

"वर्षाने. तडा तोवर थांबणार नाही. सगळ्यांना वस्ती सोडावी लागेल."

"तुंब्यातूनच ना? मग चढणारा जो तो मागच्यांचं ओझं वाढवणार."

कुरुंदकरांनी ताणकाट्याकडे बोट दाखवलं. उत्तर काट्यावरच होतं.

धुरपदाबाईने माप हुकावरून काढून जागेवर ठेवलं. "यादी करा साहेब. लेकुरवाळ्या आधी. भिवाला आजपासून पाठीवर पोतं घेऊन जिने चढायला लावते, हाडं घट्ट होतील. शेवटचं नाव माझं लिहा."

"मावशी, शेवटच्या माणसाखाली धाव टिकेलच असं नाही."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि ताणकाटा दाराजवळच्या खिळ्याला टांगला, सगळ्यांना दिसेल असा.